मानसिंगचं न झालेलं ऑपरेशन

मानसिंग सुरवसे भित्रा होता, हे त्याला स्वतःला आधीपासूनच ठाऊक होतं. बाकीच्यांना कळायला सव्वा वर्ष लागलं, आणि तेही त्यानंच सांगितलं म्हणून.

तसं पाहायला गेलं तर भित्रेपणाचं एकही लक्षण त्याच्या अंगावर नव्हतं. नाव मानसिंग, मिशी कानाच्या दिशेनं निघालेली, आणि तालमीत दोन वर्षं माती खाऊन कमावलेली छाती. होटगीच्या बाजूला वडिलोपार्जित चार एकर कोरडवाहू रान होतं. ते थोरल्या भावाच्या हवाली करून हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर लागला होता. सायकलनं पंधरा मिनिटांवर चाळीतल्या दोन खोल्या. तिथं बायको सारजा, आई दगडाबाई आणि तीन पोरं. जगण्याची त्याची एकच युक्ती होती. दुसऱ्यानं हसायच्या आत आपणच आपल्यावर हसून घ्यायचं. मग दुसऱ्याचं हसणं शिळं होतं आणि आपलं काम भागतं.

शहात्तर साली सरकारला माणसं मोजायचा आणि कमी करायचा असा काही नाद लागला की विचारू नका. ज्याला तीन पोरं आहेत त्यानं नसबंदीचं कार्ड आणून दाखवावं, नाहीतर दुसरीकडं काम बघावं, असं मालकानं मुकादम म्हणजे जॉबर महादेवप्पाकरवी शेडमध्ये कळवलं. मालकाचाही नाइलाज होता म्हणतात. घरी सारजा त्याच्या आधीपासून मागं लागली होती. तिसऱ्या बाळंतपणात ती मरणाच्या दारातून परत आली होती. मी एकदा मेले होते, आता पुढचं तुमी बघा, असं तिनं सरळ सांगितलं. त्यात भांडायला जागाच नव्हती. मानसिंगनं मिशीवर ताव देऊन होकार भरला. शेडमध्ये चार जणांना धीरही दिला की मुंगी चावल्यासारखं असतं, कळतसुद्धा नाही. हे त्याला कुणी सांगितलं होतं, ते देवाला ठाऊक.

शिबिर एका शाळेत भरलं होतं. बाकं भिंतीला लावून रांग बसवली होती, आणि आतल्या वर्गातून माणसं पाय फाकवून बाहेर येत होती. मानसिंगनं पहिली दोन पाहिली आणि तिसऱ्याच्या वेळी खिडकीबाहेर पाहायला लागला. त्याचा नंबर आला तेव्हा एका तरुण डॉक्टरनं त्याचं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं, परत पाहिलं. बाजूला बसवलं. अर्ध्या तासानं परत मनगट धरलं. मग दोन्ही हात पुढं करायला सांगितले. हात थरथरत होते. डॉक्टरनं गळा चाचपला आणि म्हणाला, ठोके एकशे तीस आहेत, भीतीचे असते तर एवढ्यात उतरले असते, आज तुमचं ऑपरेशन करता येणार नाही, ही चिठ्ठी घ्या आणि मोठ्या डॉक्टरला दाखवा.

चिठ्ठी इंग्रजीत होती. मानसिंग सातवीपर्यंत शिकलेला, त्याला इंग्रजी येत नव्हतं. पण त्या चिठ्ठीत काय लिहिलं असेल याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. हा माणूस महाभित्रा आहे, एवढंच इंग्रजीतून लिहिलं असणार. असली चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरला दाखवत हिंडायला तो काही खुळा नव्हता. शाळेच्या मागच्या गटारीत त्यानं ती बारीक बारीक फाडून टाकली.

खरं म्हणजे गोष्ट तिथंच संपायची. पण बाहेर पडायच्या दारात टेबल मांडून एक कारकून बसला होता. संध्याकाळ झालेली, त्याला गाडी गाठायची असावी आणि आकडा भरायचा असावा. त्यानं मान वर न करता नाव विचारलं, मानसिंगनं सांगितलं, आणि शिक्का मारलेलं कार्ड आणि वनस्पती तुपाचा एक डबा मानसिंगच्या हातात आला. माझं झालं नाही, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं, असं तो आजही शपथेवर सांगतो. शब्द तेवढा बाहेर पडला नाही. डबा जड होता. मागचा माणूस ढकलत होता. शाळेच्या फाटकापर्यंत तो नीट चालत आला, आणि फाटकाबाहेर पाय फाकवून चालायला लागला.

सारजानं त्याला आठ दिवस खाटेवरून उतरू दिलं नाही. त्याच तुपातला शिरा करून घातला, उशाला पाणी ठेवलं, पोरांना आवाज करू दिला नाही. मानसिंग मधूनमधून कण्हत असे. कण्हायचं कुठं आणि किती, याचा त्याला अंदाज नव्हता. त्यामुळं एकदा तो हात धुताना कण्हला.

कामावर रुजू झाला आणि अंगातली यंत्रं सुटली. भूक अशी की दुपारच्या पाच भाकरी संपवून तो शेजारच्या मागावरच्या नरसय्याच्या डब्याकडं बघायला लागला. खाल्लेलं जात कुठं होतं कोण जाणे, कारण लेंग्याची नाडी दर पंधरा दिवसांनी आणखी आवळावी लागत होती. पौषातल्या थंडीत पोरं दोन दोन चादरी घेऊन निजली होती आणि हा उघड्या फरशीवर घामानं निथळत होता. मागावर धागा तुटला की तो जोडायची गाठ विणकराला झोपेतसुद्धा मारता येते. मानसिंगच्या बोटांना ती तिसऱ्या खेपेला जमायची. आरशात डोळे बटाट्याएवढे दिसत. आपण सगळ्या जगावर चकित झालोय असा त्याचा चेहरा झाला होता.

एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं. माघात त्याच्या छातीला सदरा घासला तरी दुखायला लागलं. हात लावून बघतो तर बोंड्यांखाली गाठी. पुढच्या महिन्याभरात त्या गाठींभोवती मांस धरलं आणि तालमीत कमावलेल्या छातीचं, सांगायला लाज वाटते, वयात आलेल्या पोरीसारखं काहीतरी व्हायला लागलं. आणि नवराबायकोचा म्हणून जो संसार असतो, तोही थांबला. मन उडालं म्हणावं, तर मन जागेवर होतं. शरीरच रजेवर गेलं होतं, आणि रजेचा अर्जसुद्धा टाकला नव्हता. सारजा काही बोलली नाही. ती बोलली नाही याचंच त्याला जास्त भय वाटायचं.

आता यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली फाल्गुन-चैत्रात कुणी सदरा घालत नाही. सगळे उघडे, फार तर खांद्यावर टॉवेल. आणि सगळ्यांत जास्त उकडणारा मानसिंग तेवढा गळ्यापर्यंत गुंड्या लावून उभा. दोन दिवस लोकांनी पाहिलं, तिसऱ्या दिवशी महादेवप्पा म्हणाला, येनप्पा, काय रे बाबा, नवरदेव झालास काय, आणि थट्टेनं त्याच्या गुंड्या सोडल्या. चाळीस मागांच्या खडखडाटात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. तिथं बोलणं हातांनी चालतं. त्या दिवशी शेडमधल्या हातांना उसंत नव्हती. पाळी सुटेपर्यंत शेवटच्या मागावरच्या म्हाताऱ्यालाही कळलं की ऑपरेशननं मानसिंगची बाई केली.

दुसऱ्या दिवशी शेडमधल्या सहा जणांनी शिबिराला जायचं रहित केलं. आठवड्यात शेजारच्या दोन कारखान्यांत तीच गत. सगळ्या एमआयडीसीला मानसिंगच्या रोगाचं कारण ठाऊक होतं. ते कारण खोटं आहे हे ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि तो हसत होता. बनियन आता बायकांच्या दुकानातून आणावी लागंल, असं तोच म्हणायचा. माझी हळद परत कधी लावताय, असं तोच विचारायचा. लोक पोट धरून हसत, मग डोळे पुसत आणि सरकारला शिव्या घालत. खरं कारण काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. आपल्या खोटेपणाबद्दल देवानं दिलेली शिक्षा, असं त्याचं आतल्या आत ठरलं होतं, आणि ती जरा जास्तच नेम धरून दिलीय, असंही त्याला वाटायचं.

सारजाला मात्र हसू येत नव्हतं. मीच पाठवलं, मीच मागं लागले, असं तिनं मनाला लावून घेतलं. दर गुरुवारी ती एसटीनं अक्कलकोटला स्वामींच्या मठात जायला लागली. दिवसभर उपाशी. नवऱ्याचं होतं तसं करा, माझं काय करायचं ते करा, असं ती तिथं बसून मागायची, हे त्याला दगडाबाईकडून कळलं. एक वाक्य बोललं असतं तर तिच्या त्या खेपा थांबल्या असत्या. मानसिंगनं ते वाक्य बरेचदा जुळवलं. गुरुवारी ती दाराबाहेर पडताना तर ते अगदी ओठांपर्यंत यायचं, आणि मग तो तिनं झाकून ठेवलेल्या भाकरी खायला बसायचा.

तेवढ्यात निवडणूक तोंडावर आली. विरोधी बाजूचे आबासाहेब म्हणून एक पुढारी होते, त्यांना कुणीतरी मानसिंगची बातमी दिली. ते स्वतः चाळीत आले, चहा प्याले, मानसिंगला मिठी मारायला गेले आणि मिठी मारता मारता थबकले. सभेच्या दिवशी मानसिंगला स्टेजवर खुर्ची मिळाली. तीन वर्षं राबूनही कारखान्यात कधी खुर्ची मिळाली नव्हती. आबासाहेबांनी भाषणात सरकारचे वाभाडे काढले आणि शेवटी म्हणाले, पुरावा हवा असेल तर हा बघा. मानसिंगला सदरा काढावा लागला. हजार माणसांसमोर तो उघडा उभा राहिला, आणि गळ्यात हार पडला. झेंडूच्या त्या हाराचा छातीला इतका त्रास झाला की डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, अपमानानं आलं. बायकांच्या बाजूला सारजा बसली होती. तिनं तोंडावर पदर घेतला. मानसिंगला तो पदर दिसला. त्या वेळी स्टेजवर माईक हाताच्या अंतरावर होता. तो हार सांभाळत खाली उतरला.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सारजानं त्याला डॉक्टर हत्तुरेंच्या दवाखान्यात नेलं. ओढतच नेलं म्हणायचं. देवाला सांगून झालं, आता माणसाला सांगून बघते, असं ती म्हणाली.

हत्तुरे डॉक्टर म्हातारे आणि तिरसट. त्यांनी मानसिंगला दारातून येताना पाहिलं आणि तपासायच्या आधीच मान हलवली. हात पुढं करायला लावून त्यावर वर्तमानपत्राचा एक कागद ठेवला, तो कागद वाऱ्यात असल्यासारखा फडफडला. पाण्याचा पेला देऊन घोट गिळायला लावला आणि गळ्याकडं पाहत बसले. नाडी मोजली. छाती बघितली तेव्हा मानसिंगनं सवयीनं विनोद केला, तो त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला. मग सारजाला समोर बसवून त्यांनी सांगितलं की हे थायरॉईडचं दुखणं आहे. गळ्यात एक ग्रंथी असते, तिनं अंगातली सगळी कामं किती वेगानं चालायची ते ठरतं. मानसिंगची ग्रंथी बेफाम सुटली होती. म्हणून भूक, म्हणून घाम, म्हणून थरथर.

सारजानं छातीकडं बोट केलं आणि खालच्या आवाजात विचारलं, की हे कशानं मग.

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. समोरचा माणूस टॉवेलच्या कारखान्यातला आहे, हे त्यांच्या ध्यानात होतं. ते म्हणाले, “पुरुषाच्या रक्तात पुरुषाचं हार्मोन असतं, तसं थोडं बाईचंही असतंच. प्रत्येकाच्या असतं, माझ्याही. ही ग्रंथी जादा चालली की रक्तात एक प्रथिन वाढतं आणि ते पुरुषाचं हार्मोन धरून बसतं. माल गोदामात भरपूर, पण गोदामवाला कुलूप काढत नाही. मागावर माल येणार कुठून? बाईच्या हार्मोनला तो तेवढं घट्ट धरत नाही. वर पुरुषाचं काही हार्मोन बदलून बाईचं होतं, तेही जास्त व्हायला लागतं. तोल गेला की छाती वाढते आणि बाकीचं थंड पडतं. ग्रंथी ताळ्यावर आणली की तोलही येतो.”

“आन ऑपरेशन?” सारजानं विचारलं.

ऑपरेशनचा याच्याशी काडीचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. नसबंदीनं हार्मोन बदलत नाहीत. पण मग त्यांचा तिरसटपणा जागा झाला. असल्या नाडीच्या माणसावर सुरी चालवणारा गाढव कोण होता, त्याला डॉक्टर कुणी केलं, असं ते चांगले पाच मिनिटं बोलत होते. मानसिंगला तो तरुण डॉक्टर आठवला. अर्धा तास थांबून दोनदा नाडी मोजणारा, चिठ्ठी लिहून देणारा. बिचाऱ्याच्या पदरात शिव्या पडत होत्या आणि हा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. शिवाय त्या चिठ्ठीत काय लिहिलं होतं, ते आता त्याला कळलं होतं. चार महिन्यांपूर्वी ती गटारीत टाकली नसती, तर छाती वाढायच्या आधीच गोळ्या पोटात गेल्या असत्या. आपल्यासारखा गाढव आपणच, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

रक्त पुण्याला जाऊन आलं, हत्तुरेंचं म्हणणं खरं ठरलं, आणि गोळ्या सुरू झाल्या. दीड महिन्यात हात ठरले. धाग्याची गाठ पहिल्या खेपेला बसायला लागली. पावसाळ्यात अंग भरलं, भाकरी तीनवर आल्या, श्रावणात छातीचं दुखणं थांबलं आणि हळूहळू ती पुन्हा पुरुषाची दिसायला लागली. थोडं उरलं होतं, पण तेवढं तर पोट सुटलेल्या मालकालाही होतं. दिवाळीपर्यंत शरीर रजेवरून परत आलं. आलं ते असं उत्साहानं, की सारजा लाजून हसली. वर्षभरानं हसली. त्या हसण्यापुढं मानसिंग सगळं विसरला. आपण सरकारदरबारी ऑपरेशन झालेला माणूस आहोत, हेसुद्धा विसरला.

माघात कळलं, सारजाला दिवस गेले होते.

पहिल्यांदा दगडाबाईच्या ध्यानात आलं. सकाळची वेळ, मानसिंग ताटावर बसलेला, सारजा तव्यापुढून उठून मोरीकडं धावली आणि ओकली. परत आली तर सासू चुलीपुढं उभी. चार बाळंतपणं केलेल्या बाईला काय सांगायला लागतं. दगडाबाईनं एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा सुनेकडं, आणि विचारलं, “कुणाचं?”

सारजाचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली की मी कायबी केलेलं न्हाय, आत्या, स्वामींची आण. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मानसिंगच्या तोंडात घास होता. तो चावत राहिला. दोघी बायका त्याच्याकडं बघत होत्या आणि तो चावत होता. मग ड्युटीला उशीर होतोय म्हणून उठला आणि सायकल काढली.

सायकलवर त्यानं पुष्कळ विचार केला. ऑपरेशन कधी कधी फसतं, असं म्हणतात. तसंच सांगावं. म्हणजे सारजाही सुटली आणि आपणही सुटलो. दुपारी त्यानं महादेवप्पाला सहज म्हणून विचारून पाहिलं. महादेवप्पा म्हणाला, हां, फसतंय म्हणतात बाबा, आणि तोंड फिरवलं. ज्याची छाती हजार माणसांनी पाहिली होती, ज्याची बाई झाली असं अख्ख्या एमआयडीसीनं ठरवलं होतं, त्याच्याच बाबतीत ते फसलं, यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाळीतल्या नळावर बायका सारजाला जागा देऊन बाजूला सरकल्या. एरवी भांडून घ्यावी लागणारी जागा न मागता मिळाली, तेव्हा ती कळशी तशीच रिकामी घेऊन परत आली. दगडाबाईनं सारजाच्या माहेरी निरोप धाडला. बहिणीला घेऊन जा म्हणून. मानसिंगनं हे सगळं पाहिलं. संध्याकाळी त्यानं पोरांना घोडा घोडा करून हसवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सारजाचा भाऊ सिदू आला. मेंढरामागं रान तुडवणारा, कमी बोलणारा माणूस. तो उंबऱ्यावर बसला, आत आला नाही, पाणीही घेतलं नाही. सारजा पिशवी भरत होती. दुपारच्या गाडीनं जायचं ठरलं होतं. आणि मानसिंग, नाव मानसिंग, मिशी कानाच्या दिशेनं निघालेली, ड्युटी आहे म्हणून सटकला.

शेडमध्ये चाळीस माग चालू होते. त्यानं आपले चार चालू केले. समोरच्या ओळीत दोघांचं हातांनी बोलणं चाललं होतं. एकानं मानसिंगच्या दिशेनं मान हलवली, पोटावरून हात फिरवला आणि तळवा उलटा करून विचारलं, कुणाचं. दुसऱ्यानं खांदे उडवले आणि हसला. दोन्ही माणसं चांगली होती. एकानं तर त्याच्या आजारपणात त्याचे माग सांभाळले होते. असल्या बातम्या हात कशा देतात, ते मानसिंगला पाठ होतं. त्याच्या स्वतःच्या हातांनी अशा कितीतरी बायका या शेडमध्ये फिरवल्या होत्या. आज त्या हातांत सारजा होती.

तो मेन स्विचपाशी गेला आणि दांडा खाली ओढला.

चाळीस माग थांबले. कारखाना चालू झाल्यापासून कामाच्या वेळी इतकी शांतता कुणी ऐकली नव्हती. कानात नुसतं गुंई गुंई. महादेवप्पा धावत आला. मानसिंगला आवाज किती काढायचा ते कळेना, कारण तिथं तो कधी ओरडल्याशिवाय बोललाच नव्हता. तो ओरडलाच.

“माजं ऑपरेशन झालंच न्हाय. मी भिऊन पळून आलो. कार्ड खोटं हाय. पोर माजं हाय.”

कुणी हसलं नाही. हसवायला म्हणून तो आणखी काहीतरी जोडणार होता, जीभ उचललीही होती. पण ते त्याला कसंतरीच वाटलं. त्यानं सायकल घेतली. मागून मालकाचा आवाज आला, मग माग परत सुरू झाल्याचा.

सिदू अजून उंबऱ्यावरच होता. मानसिंगनं त्याच्यासमोर, आईसमोर, दारात जमलेल्या चाळीसमोर सगळं परत सांगितलं. कारकून, डबा, चिठ्ठी, स्टेज, काही ठेवलं नाही. सिदू ऐकून घेऊन म्हणाला, “दावा की मग.” ते बरोबरच होतं. बोलायला काय, कुणीही बोलतं. दगडाबाईला घेऊन तिघं हत्तुरेंकडं गेले. डॉक्टरांनी मानसिंगला पडद्यामागं नेलं, नको तिथं बॅटरी मारून नीट पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं की टाक्याचा व्रण नाही, या माणसाला कुणी सुरी लावलेलीच नाही. म्हणजे मी त्या पोराला उगीच गाढव म्हणालो, असंही ते म्हणाले, आणि ते विशेषण योग्य माणसाकडं वळवलं. सिदूनं दवाखान्यातल्या माठातलं पाणी घेतलं आणि एकटाच गाडीला गेला.

घरी आल्यावर दगडाबाई सुनेच्या जवळ जाऊन बसली. मग तिनं सारजाची पिशवी रिकामी करून लुगडी परत दोरीवर टाकली. सारजानं मानसिंगला वाढलं. तो खाली मान घालून बसला. ती समोर बसली.

“आत्यानी इचारलं, तवा तुमी हितंच बसला व्हता,” ती म्हणाली.

“व्हय.”

“तोंडात घास व्हता.”

“व्हय.”

“त्यो गिळायला तीन दिस लागलं.”

त्यावर करता येईल असा एकही विनोद मानसिंगला सुचला नाही. गुरुवारबद्दल ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मालकानं त्याला पंधरा दिवस घरी बसवलं, पण काढलं नाही. सरकार बदलूनही वर्ष होत आलं होतं आणि कार्डं विचारणारं कुणी राहिलं नव्हतं. आबासाहेबांनी मात्र ओळख सोडली. भाद्रपदात मुलगी झाली, नाकडोळे थेट दगडाबाईचे. आणि मानसिंगची गोष्ट पुन्हा मोकळी सुटली. लग्नात, बारशात, अक्कलकोटच्या एसटीतसुद्धा लोक त्याला ती सांगायला लावत. सांगायला तो पटाईत झाला. पाय फाकवून चालून दाखवायचा, हात धुताना कण्हून दाखवायचा, हाराचा भाग आला की लोक लोळत. गोदामवाला कुलूप काढत नाही, हे तर एमआयडीसीत म्हणीसारखं वापरलं जायला लागलं. स्वतःची इतकी बेअब्रू स्वतःच्या तोंडानं करणारा माणूस दिलदार असला पाहिजे, असंही लोक म्हणत, आणि मानसिंगला ते खोटं वाटत नव्हतं.

मुलगी वर्षाची झाली तेव्हा नरसय्या आणि शेडमधली मंडळी घरी जेवायला आली होती. पोरगी मांडीवर घेऊन मानसिंगनं गोष्ट रंगवली. मोरीकडं धावलेली सारजा, आईचं ते एका शब्दाचं विचारणं, आणि मग थेट मेन स्विचवर आला, दांडा खाली ओढला. मंडळींनी टाळ्या दिल्या.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

“मधले तीन दिस ऱ्हायले,” सारजा आतून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, रागाचाही नव्हता. “ते सांगा की.”

मंडळी मानसिंगकडं पाहायला लागली. त्यानं पोरगीला मांडीवर नीट बसवलं आणि तीन दिवस सांगायला सुरुवात केली. पहिला दिवस, दुसरा दिवस, नळावरची जागा, पोरांचा घोडा, उंबऱ्यावरचा सिदू. ते सांगताना कुणी हसलं नाही. त्यानंही कुणाला हसवलं नाही. सगळं सांगून होईपर्यंत आत भाकरी थापली गेली नाही.